कूलरमधला गुहिरा

पाझारेभाऊ वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात त्यांचा मुलगा मिलिंद बोलायला उभा राहिला. वंदना झाली होती, मांडवात पंखे फिरत होते. मिलिंदनं बापाचे कष्ट सांगितले, खाणीतली नोकरी सांगितली. मग लोकांना थोडं हसू यावं म्हणून म्हणाला, "बाबांनी आईसाठी एकदा गुहिरा पाळला होता. मोठ्या हौसेनं त्याच्यासाठी घर बनवलं. अन् घराले असा रंग मारला का रंगाच्या वासानंच बिचारा मेला." लोक हसले. त्यात वाईट काही नव्हतं, प्रेमानंच हसले. मी दुसऱ्या रांगेत होतो. मीही हसल्यासारखं केलं.

तो गुहिरा, म्हणजे रंग बदलणारा सरडा, रंगाच्या वासानं मेला नाही. हे ज्याला ठाऊक आहे असा माणूस मी एकटाच आहे, आणि माझंही वय झालं आहे. म्हणून लिहायला बसलो.

आमची ओळख खाणीतली. वणीजवळच्या एका भूमिगत कोळसा खाणीत देवाजी पाझारे मायनिंग सरदार होते आणि मी हजेरी ऑफिसात बाबू. सरदाराचं काम असं की पाळीची माणसं आत शिरण्याआधी आपण पुढं जायचं, हातातल्या काठीनं छत ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. घट्ट दगड टणकन वाजतो, सुटलेला ढब्ब. टणकन वाजला तर माणसं आत, ढब्ब वाजला तर आधी लाकडाचे टेकू. एवढ्या आवाजावर पाळीतल्या साऱ्यांचा जीव असायचा.

निवृत्तीनंतर आम्ही वणीतच एका लेआउटमध्ये शेजारी-शेजारी घरं बांधली. त्यांची काठी खाणीत राहिली, ठोकणं सुटलं नाही. बोटाच्या पेरानं ते सगळं ठोकायचे. टरबूज, दार, गॅसचं सिलिंडर, दुकानातली नवी बादली. समोर राहणाऱ्या युनूस मिस्त्रींचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यांनी वरचा मजला चढवला तेव्हा साऱ्या गल्लीला जेवण होतं. पाझारेभाऊ पोटभर जेवले, हात धुतले आणि ओल्या हातानंच नवी भिंत ठोकत कोपऱ्यापर्यंत गेले.

"मिस्त्री, बिर्याणी झकास झाली. पन ह्या कोपऱ्यात प्लास्टर पोकळ हाय."

"अजी पाझारेजी," मिस्त्रींनी हात जोडले, "आज के दिन तो रहने देते!"

चार पाहुणे उठून कोपऱ्यात गेले आणि तेही भिंत ठोकू लागले. मिस्त्रींच्या बेगम आतून हसत होत्या. गंमत म्हणजे तो कोपरा आजही जागचा हललेला नाही. पाझारेभाऊंचा आवाजाचा अंदाज घरांच्या बाबतीत पुष्कळदा चुकायचा. खाणीतला दगड वेगळा, सिमेंट वेगळं. पण कोणी तसं म्हटलं की ते म्हणत, "थांब थोडा."

त्यांचा आणखी एक शब्द होता. कोणी काहीही ठामपणे सांगितलं की ते मान तिरकी करून विचारायचे, "पाह्यलं का तू?" अमक्याच्या पोरीचं लग्न मोडलं. पाह्यलं का तू? यंदा पाऊस लांबला. पाह्यलं का तू? माझी बायको वैतागून म्हणायची, या माणसाला सूर्य उगवला सांगितलं तरी अंगणात जाऊन येईल.

हा प्रश्न त्यांना कुठून आला हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. नोकरीच्या मधल्या वर्षांत त्यांनी ठोकून 'बराबर' म्हटलेल्या जागी छत कोसळलं आणि एक लोडर, कोळसा भरणारा मजूर, दगावला. चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही. दगड न बोलताही कधी सुटतो, असं वरचे साहेब म्हणाले. त्या माणसाची त्या दिवसाची हजेरी मीच लावली होती, म्हणून तो दिवस मलाही आठवतो. पाझारेभाऊ म्हणाले होते, "बाबू, साहेब म्हणतात दगड बोलला नाई. पन तो बोलला असन अन् मलेच आयकू आलं नसन तर?" त्यानंतर कित्येक वर्षं ते प्रत्येक जागा दोनदा ठोकत. पुढं हळूहळू त्यांचा स्वतःच्या कानावर आणि हातावर पुन्हा विश्वास बसला. तो बसायला किती वेळ लागला ते मी जवळून पाहिलं आहे. पुढचं सगळं त्यामुळेच जास्त जड जातं.

पाझारेभाऊंच्या पत्नी सुमनवहिनींना अर्धांगाचा झटका आला तो उन्हाळ्यात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. खिडकीजवळच्या खाटेवर त्या भिंतीकडे तोंड करून पडून असायच्या. पाझारेभाऊ त्यांना चमच्यानं भरवत, कुशीवर वळवत, वेणी घालत. वेणी वाकडी व्हायची. "पाह्य, आज मांगच्यापेक्षा सरळ झाली," ते म्हणायचे. वहिनी पाहत नव्हत्या. डॉक्टर म्हणाले होते की ऐकू येतं, समजतंही. फक्त त्यांना कशातच रस उरलेला नाही.

पावसाळा लागल्यावर एके सकाळी पाझारेभाऊ मारेगाव रोडनं फिरून आले ते उलटी धरलेली छत्री घेऊन. छत्रीच्या झोळीत एक सरडगुहिरा होता. आमच्याकडे नुसतं गुहिरा म्हणतात. रंग बदलणारा, झुलत झुलत चालणारा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. रस्ता ओलांडताना कुठल्या तरी गाडीनं त्याचा मागचा एक पाय चिरडला होता आणि पोरं दगड गोळा करत होती.

"अहो, फेका तो!" माझी बायको कुंपणापलीकडून ओरडली. "रक्त शोषते तो माणसाचं. नजरेनंच शोषते."

"पाह्यलं का तुमी, वहिनी?"

"मी कायले पाहू? मले जगाचं हाय!"

मी त्यांना सांगितलं की हा प्राणी घरात ठेवायला कायद्यानं बंदी आहे. ते म्हणाले, "पाय बरा झाला का सोडून देतो. तोवर दवाखाना समज." छत्री त्यांनी खाटेजवळच्या खुर्चीवर टेकवली आणि हळद आणायला आत गेले. मी दारात उभा होतो. गुहिरा छत्रीच्या काडीवर चढला, दुखरा पाय वर धरून. वहिनींची मान भिंतीकडून वळली. इतकी हळू वळली की मला आधी भास वाटला. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि मग जड जिभेनं म्हणाल्या, "पाय."

पाझारेभाऊ हळदीची वाटी घेऊन आले तेव्हा मीच सांगितलं, "वहिनी बोलल्या."

ते माझ्यावर चिडले. "कायले मजाक करून राह्यला?" मग त्यांनी वहिनींकडे पाहिलं. त्या अजून गुहिऱ्याकडेच बघत होत्या. पाझारेभाऊ वाटी हातात घेऊन तसेच खाली बसले, फरशीवर.

त्या दिवसापासून ते घर बांधायच्या मागे लागले.

पहिलं घर फसलं. मिलिंदचं जुनं काचेचं शोकेस त्यांनी रिकामं केलं, आत फांद्या ठेवल्या. गुहिऱ्याला काचेत स्वतःचंच रूप दिसलं. तो काळा पडला, फुगला, तोंड उघडून फुसफुसला आणि धडपडून खाली पडला. "याले वाटते दुसरा गुहिरा घरात घुसला," पाझारेभाऊ म्हणाले. शोकेस त्याच संध्याकाळी परत गेलं आणि त्यात पुन्हा कपबश्या आल्या.

दुसरं घर युनूस मिस्त्रींच्या गॅरेजमागे गंजत पडलं होतं. पत्र्याचा मोठा, जुना कूलर. मोटर जळालेली. "ले जाओ, पाझारेजी. लेकिन ठोक के देख लेना, बाद में मेरा नाम मत लेना!" मिस्त्रींनी तेवढा सूड घेतला. पाझारेभाऊंनी खरंच ठोकून पाहिला आणि दोघंही हसले.

कूलरच्या तीन बाजूंना गवत भरलेलं असतं. ते त्यांनी काढलं. आधी लोखंडी जाळी लावून पाहिली, तिच्यात गुहिऱ्याची नखं अडकली, म्हणून ती काढून मच्छरदाणीचं मऊ कापड ताणून बसवलं. समोरची पंख्याची गोल जागा कापून मोठी केली आणि तिला छोटं दार केलं. तळाला पाणी साठायच्या भागात माती भरून जास्वंदीचं रोप लावलं. आडव्या काड्यांसाठी बाभूळ आणली, ती काटेरी. सागाची फांदी आणली, ती जाड. त्याच्या चिमट्यासारख्या पायांत मावेना. शेवटी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या बरोबर बसल्या. त्या त्यांनी बादलीत दिवसभर भिजवून, घासून, उन्हात सुकवून घेतल्या. "शेतात फवारनी करतात, बाबू. याले चाटूनसुद्धा बाधन."

वाटीतलं पाणी गुहिरा पीत नव्हता. पाझारेभाऊ काळजीनं रोज वाटी बदलायचे. एकदा जास्वंदीला पाणी शिंपडताना त्याची लांब जीभ पानावरचा थेंब टिपताना त्यांना दिसली. वहिनींच्या आजारपणातली सलाईनची नळी घरात पडून होती. ती उकळून, बाटलीत साधं पाणी भरून त्यांनी कूलरच्या वर टांगली आणि नळीवरचं चाक फिरवत बसले, पानावर किती सावकाश थेंब पडावा ते ठरवत. मी म्हणालो, "भाऊ, पेशंट दोन झाले." ते म्हणाले, "एक पेशंट दुसऱ्याले बरं करून राह्यला, तू पाहून घे."

पण मला सगळ्यांत आठवतं ते कूलर बसवल्याच्या दिवसाचं. स्टँडवर कूलर ठेवला. मग पाझारेभाऊंनी वहिनींना हलकेच सरकवलं आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याच उशीवर डोकं ठेवून आडवे झाले. माझी चांगलीच पंचाईत झाली, मी दाराकडे पाहू लागलो.

"लाजते कायले? ये, वीट काढ त्या पायाखालची. अजून एक. हां, आता दिसते." पुन्हा डोकं इकडे तिकडे करून, "वरची काडी नाई दिसत तिले. तिरपी कर. तिच्या पायाकडून डोक्याकडे चढत याले पाह्यजे तो."

तिरपी काडी बसली. गुहिरा तिच्यावरून एक पाऊल पुढे, अर्धं मागे करत झुलत चालायचा. खालच्या टोकापासून अर्ध्यापर्यंत जायला सारी सकाळ लावायचा. वहिनींची नजर त्याच्याबरोबर सरकायची. थोड्या दिवसांत त्यांना उशीवर मान उचलता येऊ लागली. "पाय"च्या जोडीला "हिरवा" आला, "खाल्ला" आला. मिलिंद नागपूरहून आला तेव्हा त्या त्याचं नाव बोलल्या. अस्पष्ट, पण बोलल्या. पाझारेभाऊ मला म्हणाले, "माह्या हातानं बनलं हे, बाबू." इतक्या वर्षांत आपल्या हाताबद्दल असं बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

एक उणीव राहिली होती. भिंतीकडच्या बाजूला आडोसा म्हणून त्यांनी नवा पत्रा लावला होता. तो उन्हात चमकायचा आणि गुहिरा तिरप्या काडीवर अर्ध्यातून मागे फिरायचा. वहिनींच्या डोक्याजवळच्या टोकापर्यंत येईना. म्हणून त्यांनी त्या पत्र्याला हिरवा रंग द्यायचं ठरवलं. गुहिऱ्याला बाहेर जास्वंदीच्या झाडावर मच्छरदाणीखाली ठेवलं, कूलर अंगणात काढला, रंग दिला आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवला. आत घेण्याआधी स्वतःचं डोकं दारातून कूलरमध्ये घालून बसले. मी विचारलं, "भाऊ, काय करून राह्यले?" आतून आवाज आला, "माह्या नाकाले वास आला तर त्याले येईनच ना." वास नव्हता. मीही डोकं घालून पाहिलं होतं. वास नव्हता.

गुहिऱ्याच्या खाण्याचं काम माझ्याकडे होतं. पाझारेभाऊंना वहिनींना सोडून जाता येत नसे, मी सकाळी फिरायला जायचोच. झाकणाला भोकं पाडलेली प्लास्टिकची बरणी घेऊन मी नाल्यापलीकडच्या पडीक जमिनीतल्या गवतातून नाकतोडे धरून आणायचो. सुरुवातीलाच त्यांनी बजावलं होतं, "कापसातले आनू नको." ते रोज विचारायचे, "गवतातले ना?" मी म्हणायचो, "गवतातलेच."

रंगवलेला कूलर आत आला त्या दिवशी नाल्याला चिखल होता. चपला रुतत होत्या. लेआउटच्या मागेच कापसाचं वावर लागतं. त्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नाकतोडेच नाकतोडे होते. हवेत फवारणीचा वास होता. तो मला आला. आला नाही असं म्हणायची सोय मला नाही. मी क्षणभर थांबलो आणि मनाशी म्हणालो, उड्या तर मारताहेत. मेलेले असते तर उडाले नसते. आणि बरणी भरली.

पाझारेभाऊंनी विचारलं, "गवतातले ना?"

"गवतातलेच," मी म्हणालो.

त्या दुपारी गुहिरा पहिल्यांदाच हिरव्या पत्र्याजवळून तिरप्या काडीच्या वरच्या टोकापर्यंत आला. वहिनींच्या चेहऱ्यासमोर बसून त्यानं नाकतोडे टिपले. वहिनी आवाज काढून हसल्या. पाझारेभाऊंनी मला कुंपणावरून हाक मारून बोलावलं, "ये लवकर, पाह्य!" मी पाहिलं.

संध्याकाळी त्याचा रंग उडाला. पिवळट, मग राखेसारखा. तोंड उघडं राहिलं. काडीवरचा एक पाय सुटला, मग दुसरा, आणि तो खाली जास्वंदीच्या मातीत पडला. वहिनी "पाय, पाय" करत राहिल्या.

मी घरी येऊन बरणी पाहिली. उरलेले सगळे नाकतोडे तळाशी पाय वर करून पडले होते. मी ते नालीत ओतले, बरणी साबणानं धुतली आणि सांगायला म्हणून परत गेलो. खरंच सांगायलाच गेलो होतो. पाझारेभाऊ कूलरसमोर फरशीवर बसले होते. मी तोंड उघडण्याआधी ते म्हणाले, "रंगच बाधला, बाबू. मले वास नाई आला. पन असन."

मी साबणाचे ओले हात शर्टाला पुसले.

"म्या डोकं घालून पाह्यलं. तरी मले समजलं नाई." मग आपल्या हातांकडे पाहत, "दुसऱ्यांदा झालं हे."

पहिली वेळ कोणती ते मला विचारावं लागलं नाही. सगळ्यांना 'पाह्यलं का तू' विचारणाऱ्या त्या माणसाला तोच प्रश्न विचारणं त्या वेळी माझं काम होतं. 'रंगानं मेला हे पाह्यलं का तुम्ही?' एवढं म्हटलं असतं तरी पुढचं माझ्या तोंडून बाहेर पडलं असतं. मला त्यांचा राग झेलायचा नव्हता. शेजार तुटेल असं वाटलं. उद्या सांगू, असं ठरवून मी उठलो. उद्या सांगणं आणखी अवघड झालं आणि परवा त्याहून.

वहिनी काही दिवस रिकाम्या काडीकडे पाहत होत्या. मग त्यांची मान पुन्हा भिंतीकडे वळली. त्या दिवशी पाझारेभाऊंनी कूलर भंगारवाल्याला दिला. मी म्हणालो, "राहू द्या, दुसरा एखादा जीव सापडेल." ते म्हणाले, "माह्या हाताखाली कायले कोनाचा जीव द्याचा?" थंडीत वहिनींना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या. ते माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही तसं काही सांगितलं नसतं. पण गुहिरा गेल्यावर त्या एकही शब्द बोलल्या नाहीत, एवढं मला माहीत आहे.

नंतर मिलिंद पाझारेभाऊंना नागपूरला घेऊन गेला. गल्लीत रंगाची गोष्ट त्याआधीच पसरली होती ती त्यांनी स्वतःच सांगितल्यामुळे. ज्याला त्याला सांगायचे, जणू कबुली देत होते. मी ती गोष्ट त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकली आणि दरवेळी मान हलवली.

मी त्यांना शेवटचं भेटलो ते नागपूरला, मिलिंदच्या फ्लॅटमध्ये. या वेळी सांगायचंच असं ठरवून बसनं गेलो होतो. ते बाल्कनीजवळच्या खुर्चीत होते, अंगानं निम्मे झालेले. मला पाहून खूप खूश झाले. उठू लागले, मग थांबून सुनेकडे पाहिलं. "उठू का?" सून म्हणाली, "उठा ना, बाबा." ती मला हळूच म्हणाली, "आजकाल प्रत्येक गोष्ट विचारूनच करतात. आंघोळीचं पाणीसुद्धा आम्हालाच पाहायला लावतात." चहा ठेवून ती आत गेली.

मी म्हणालो, "भाऊ, तुम्हाले एक सांगाचं होतं."

"सांग ना."

त्यांनी कप उचलला, ओठांपर्यंत नेला आणि थांबले. तो माझ्यापुढे धरला. "पाह्य बरं, बाबू. पिन्यासारखा झाला का? मले काई समजत नाई आता."

मी कपाला बोट लावलं. "झाला. प्या."

त्यांनी न फुंकता, न थांबता सगळा चहा पिऊन टाकला. मग समाधानानं म्हणाले, "तू म्हनलं म्हंजे बराबरच असन. काय सांगत होता?"

"काही नाही," मी म्हणालो. "युनूस मिस्त्रींनी सलाम सांगितलाय."

त्यांचा चेहरा उजळला. मिस्त्रीचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे, गॅरेज कोण पाहतं, सगळं विचारलं. बोलता बोलता हातातल्या रिकाम्या कपाकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते गोंधळले.

"हे कुठं ठेवू, बाबू?"

समोरच टेबल होतं. मी हात पुढे केला.